कंठीरव क्रीडांगणाचा वाद

मोठे क्रीडांगण ही शहरातील एक विलक्षण वास्तू असते. बाजार रोज भरतो, देऊळ रोज उघडते, न्यायकचेरीत रोज वर्दळ असते. परंतु वीस-पंचवीस हजार माणसे बसतील असे क्रीडांगण वर्षातील बहुतेक दिवस रिकामेच असते. ज्या थोड्या सायंकाळी ते भरते, त्या सायंकाळी मात्र सारे शहर तिकडे कान लावून असते. अशी वास्तू कोणी बांधावी, तिचा खर्च कोणी सोसावा आणि तिचा उपयोग प्रथम कोणाला मिळावा, हे प्रश्न वरवर पाहता हिशेबाचे वाटतात. पण त्यांच्या मुळाशी एक जुना प्रश्न असतो. जे सर्वांचे आहे, त्यावर अधिक हक्क कोणाचा? बंगळूर शहराच्या मध्यभागी असलेल्या श्री कंठीरव क्रीडांगणावरून अलीकडच्या काळात जो वाद झाला, त्याची हकीकत पाहू गेल्यास हा प्रश्न तेथे प्रथमच उपस्थित झालेला नाही, असे दिसून येते. त्याच जागेवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तो एकदा विचारला गेला होता.

मराठी माणसाला बंगळूर परके नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांचा १६६९ चा एक शिलालेख मल्लेश्वर भागातील काडु मल्लेश्वराच्या देवस्थानाशी निगडित आहे. मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दान दिल्याची नोंद त्यात आहे. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी शहर जिंकले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेले. कंठीरव या शब्दाचा अर्थ सिंह. म्हैसूरच्या राजघराण्यात हे नाव मानाचे होते. शहाजीराजांचा समकालीन असलेल्या कंठीरव नरसराजाने रणदुल्लाखानाच्या फौजेला श्रीरंगपट्टणच्या वेशीवरून माघारी लावले होते. ज्या शहराची किंमत एकेकाळी तीन लाख ठरली, त्या शहरात आज एका क्रीडांगणापुरतीही मोकळी जमीन कोणत्याही भावाने मिळणे दुरापास्त झाले आहे. आणि वादाचे खरे कारण येथेच आहे.

बंगळूर उंच पठारावर वसलेले आहे. जवळून वाहणारी मोठी नदी नाही. त्यामुळे पावसाचे पाणी अडवून तळी बांधावयाची, एका तळ्याचे पाणी भरून वाहू लागले की ते खालच्या तळ्यात सोडावयाचे, आणि अशा साखळीने सारा मुलूख भिजवावयाचा, ही तेथील जुनी विद्या. तळ्याकाठच्या विहिरींना त्या पाण्याचाच आधार असे. तळ्यातला गाळ शेताला आणि विटांना उपयोगी पडे, काठावरच्या गवतावर गुरे चरत. अशा तळ्यांपैकी संपंगी हे एक. त्याची बांधणी परंपरेने केंपेगौडाच्या काळातील मानली जाते. जुनी पेठ एका बाजूस आणि १८०९ नंतर उभी राहिलेली इंग्रजांची छावणी दुसऱ्या बाजूस, अशा दोन शहरांच्या मधोमध ते तळे होते. ही दोन शहरे केवळ बोलण्यापुरती दोन नव्हती. १८८१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वोडेयर घराण्याला परत केले तेव्हाही छावणीचा भाग त्यांनी स्वतःकडेच ठेवला, आणि तो म्हैसूरकडे आला तो १९४७ मध्ये.

संपंगी तळ्याच्या आसमंतात तिगळ समाजाच्या लोकांचे भाजीपाल्याचे आणि फुलांचे मळे होते. वह्निकुल क्षत्रिय म्हणवणारा हा समाज बागाईतीत निष्णात. चैत्रातला प्रसिद्ध करग उत्सव याच समाजाचा. धर्मराय मंदिरातून निघणारा, द्रौपदीला आदिशक्ती मानून तिचा कलश मस्तकावर मिरवणारा हा उत्सव, आणि त्याचे काही महत्त्वाचे विधी संपंगीच्या पाण्याशी जोडलेले. म्हणजे ते तळे या लोकांचे उपजीविकेचे साधनही होते आणि श्रद्धेचे स्थानही.

छावणीतील अधिकाऱ्यांना मात्र त्या तळ्यात निराळेच काही दिसत होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तळ्याचा तळ सपाट, घट्ट आणि विस्तीर्ण असे. पोलोच्या घोड्यांना यापेक्षा चांगली जमीन कोठून मिळणार? परंतु पोलोला कोरडी जमीन हवी आणि मळ्याला भरलेले तळे हवे. खेळणाऱ्यांचे म्हणणे, पाणी साचू देऊ नये. मळेवाल्यांचे म्हणणे, पाणी गेले तर विहिरी आटतील आणि मळे वाळतील. अर्जविनंत्या झाल्या, दफ्तरे भरली. दोन्ही बाजूंचा दावा एकाच जागेवर होता आणि ती जागा सरकारी होती. अशा वादात कोणाचा शब्द वरचढ ठरतो, हे सांगावयास नको. एका दिवसात तळे बुजवले गेले असे नव्हे. पण त्याच्या पाण्याची काळजी वाहणारे कोणी उरले नाही. त्यातच १८९० च्या दशकात हेसरघट्टाहून नळाने पाणी येऊ लागले. नळाच्या पाण्यावर जगू लागलेल्या शहराला तळे ही अडचण वाटू लागली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संपंगी आकसत गेले आणि अखेर त्याचे मैदान झाले.

हे भाग्य एकट्या संपंगीच्या वाट्याला आलेले नाही. शूले तळ्याच्या जागी फुटबॉलचे क्रीडांगण झाले. अक्कितिम्मनहळ्ळीच्या तळ्याच्या जागी हॉकीचे क्रीडांगण झाले. धर्मांबुधी तळ्यावर राज्याचे मुख्य बसस्थानक उभे आहे. कोरमंगलच्या तळ्याची जमीन १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी आलेल्या खेळाडूंच्या वसाहतीला दिली गेली. शहराला खेळायला जागा हवी होती हे खरेच, आणि क्रीडांगणे ही काही निषिद्ध वस्तू नव्हे. परंतु बंगळूरच्या क्रीडावैभवाचा पहिला हप्ता तळ्यांनी आणि त्यांवर जगणाऱ्यांनी भरला, हे हिशेब मांडताना विसरून चालत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरावर पाणीटंचाईचे संकट आले तेव्हा अनेकांना या तळ्यांची आठवण झाली.

आता फुटबॉलकडे वळावयास हरकत नाही. हा खेळ बंगळूरला गोऱ्या पलटणींनी आणला, पण तो रुजला छावणीच्या कडेच्या गरीब वस्त्यांत. अलसूर, शूले, ऑस्टिन टाऊन, गौतमपुर या भागांतील मुले अनवाणी खेळत आणि पलटणींच्या संघांशी टक्कर देत. मुंबईच्या रोव्हर्स चषकाच्या इतिहासात १९३७ हे वर्ष महत्त्वाचे आहे, कारण त्या वर्षी तो चषक प्रथमच एका बिगरलष्करी भारतीय संघाने जिंकला. आणि तो संघ कलकत्त्याचा किंवा मुंबईचा नसून बंगळूर मुस्लिम्स हा होता. पुढच्याच वर्षी त्याने तो पुन्हा जिंकला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला. तो सामना भारताने दोन विरुद्ध एक असा गमावला, पण त्यात भारताचा ऑलिंपिकमधील पहिला गोल करणारा सारंगपाणि रामन बंगळूरचा होता. अहमद खान आणि धनराज हेही त्याच शहराचे. म्हैसूर राज्याने १९४६-४७ मध्ये संतोष चषक जिंकला, १९५२-५३ मध्ये जिंकला आणि १९६७-६८ व १९६८-६९ असा लागोपाठ दोन वर्षेही जिंकला.

स्वातंत्र्यानंतर या खेळाला आधार मिळाला तो सार्वजनिक उद्योगांचा. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज यांनी संघ ठेवले, लष्करी विभागांचे संघ होतेच. खेळाडूला नोकरी मिळे, सकाळी सराव आणि दुपारी कचेरी असा त्याचा दिनक्रम चाले. फुटबॉलसारख्या खेळावर सरकारी पैसा खर्च व्हावा की नाही, असे जेव्हा विचारले जाते, तेव्हा हे लक्षात ठेवले पाहिजे की बंगळूरमध्ये तो पैसा अनेक दशके खर्च होतच होता. फक्त तो पगाराच्या रूपाने खेळाडूच्या घरी जात होता, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती खेळ व्यवसाय बनल्यावर.

कंठीरव क्रीडांगण आज ज्या स्वरूपात उभे आहे ते चौथ्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने, आणि त्या स्पर्धा १९९७ मध्ये झाल्या. पैसा सरकारचा, जमीन सरकारची, व्यवस्था राज्याच्या क्रीडाखात्याची. मधोमध फुटबॉलचे हिरवे मैदान आणि त्याभोवती धावपटूंसाठी ४०० मीटरचा कृत्रिम पृष्ठभागाचा मार्ग, अशी त्याची रचना आहे. एकाच खर्चात अनेक खेळांची सोय व्हावी हा त्यामागील हेतू शहाणपणाचाच होता. पुण्याजवळ बालेवाडीस १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले श्री शिव छत्रपती क्रीडासंकुल याच विचाराचे फळ. स्पर्धा दोन आठवड्यांत संपतात. वास्तू मात्र तशीच उभी राहते आणि तिचे करावयाचे काय, हा प्रश्न स्पर्धेनंतरच्या पहिल्या सकाळपासून सुरू होतो. गवत कापावे लागते, दिवे बदलावे लागतात, मार्गाचा पृष्ठभाग काही वर्षांनी नवा घालावा लागतो. बांधणीसाठी सरकारी तिजोरी उत्साहाने उघडते, देखभालीसाठी ती तितक्या उत्साहाने उघडत नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

२०१३ मध्ये जिंदाल उद्योगसमूहातील जेएसडब्ल्यूने बंगळूर फुटबॉल क्लबची स्थापना केली. पहिल्या हंगामात हा संघ अशोकनगरमधील, म्हणजे जुन्या शूले तळ्यावरील, राज्य फुटबॉल संघटनेच्या क्रीडांगणात खेळला. आणि पहिल्याच हंगामात, २१ एप्रिल २०१४ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर धेंपो संघाला चार विरुद्ध दोन असे हरवून तो राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. त्यानंतर क्लब कंठीरवात आला. सुनील छेत्रीच्या नेतृत्वाखाली त्याने जे दिवस दाखवले, ते शहर विसरणे कठीण. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी याच मैदानावर मलेशियाच्या जोहोर संघाला तीन विरुद्ध एक असे नमवून आशियाई चषकस्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पश्चिमेकडील सज्जात उभे राहून नव्वद मिनिटे गाणारे तरुण प्रेक्षक हे शहराचे एक नवे दृश्य झाले. ज्या शहरात बाहेरगावाहून आलेल्यांची वस्ती मोठी, तेथे या मुलांना ‘आमचे’ म्हणण्याजोगे काही लाभले, हा लाभ लहान नव्हे.

परंतु त्याच क्रीडांगणात दुसरीही मुले येत होती. पहाटे आणि सायंकाळी धावण्याचा, उडी मारण्याचा, भाला, थाळी, गोळा फेकण्याचा सराव करणारी ही मुले. शहराच्या मध्यावर, बसने येण्याजोग्या अंतरावर असलेला हा मार्ग त्यांना अतिशय मोलाचा होता. सामन्याच्या दिवशी आणि त्याच्या तयारीच्या दिवसांत त्यांना प्रवेश मिळेना. जाहिरातींच्या फळ्या, मंडप, सामानाची वाहने यांमुळे मार्गाची हानी होते असे त्यांच्या प्रशिक्षकांचे म्हणणे. शिवाय फेकीच्या खेळांना मधले मैदान लागते आणि ते फुटबॉलसाठी राखलेले. तक्रारी झाल्या, निवेदने दिली गेली आणि शेवटी क्रीडापटू व प्रशिक्षक यांनी कर्नाटक उच्च न्यायालयाकडे दाद मागितली.

या भांडणात कोणाचा स्वभाव वाईट होता म्हणून ते झाले असे नव्हे. ते त्या दोन खेळांच्या प्रकृतीतच आहे. पुरुषांच्या स्पर्धेतील हातोडा ७.२६ किलो वजनाचा असतो. तो साठ-सत्तर मीटरवरून येऊन पडला की गवतात खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्यात फुटबॉलपटूचा पाय मुरगळण्याचा धोका असतो. भाल्याचे टोक जमिनीत रुतते, दोन किलोची थाळी गवत सोलून काढते. उलट, फुटबॉलच्या सामन्याला दूरचित्रवाणीची यंत्रे, जाहिरातींच्या फळ्या आणि अवजड वाहने लागतात, आणि ती मैदानापर्यंत न्यावयाची तर धावण्याच्या मार्गावरूनच न्यावी लागतात. तो मार्ग रबरासारख्या लवचीक पदार्थाचा असतो. त्याला काट्यांचे बूट सोसतात, चाके सोसत नाहीत. प्रेक्षकांच्या दृष्टीनेही हा संसार अडचणीचाच. धावमार्गामुळे फुटबॉलचा प्रेक्षक खेळापासून दूर पडतो. म्हणजे सर्वांसाठी म्हणून बांधलेली वास्तू कोणालाच पुरी पडत नाही. काटकसरीने वाचलेला पैसा असा कटकटीच्या रूपाने पुढे फेडावा लागतो.

क्लबची बाजूही ऐकली पाहिजे. क्लब भाडे भरत होता, फुकट बसला नव्हता. सामन्यांची संख्याही फार मोठी नव्हती. २०१७-१८ च्या इंडियन सुपर लीगमध्ये दहा संघ होते, त्यामुळे प्रत्येकाला साखळीत घरच्या मैदानावर नऊच सामने मिळत. नऊ सायंकाळींसाठी आणि फार तर बाद फेरीच्या व चषकस्पर्धांच्या आणखी काही सायंकाळींसाठी शहराच्या मध्यावर जमीन विकत घेऊन स्वतःचे क्रीडांगण बांधणे कोणत्याही भारतीय क्लबला परवडणारे नव्हते, आणि शहराबाहेर दूर बांधले तर प्रेक्षक येणार नाही. आणि जनतेच्या पैशाने उभारलेली वास्तू सायंकाळी काळोखात ठेवण्यापेक्षा ती हजारो नागरिकांनी भरलेली असणे, हाही तिचा सार्वजनिक उपयोगच नव्हे काय? जेएसडब्ल्यूने २०१८ मध्ये बळ्ळारी जिल्ह्यातील विजयनगर येथे स्वतःच्या पैशाने खेळाडूंच्या प्रशिक्षणाची मोठी संस्था उभारली, हेही येथे नमूद केले पाहिजे. खाजगी भांडवल खेळाला पाठ दाखवते असे नाही. शहराच्या मध्यभागाची जमीन मात्र त्याच्या आवाक्याबाहेर असते.

२०१९ च्या हंगामापूर्वी हा पेच इतका घट्ट झाला की बंगळूरचा संघ घरचे सामने खेळण्यासाठी पुण्यास बालेवाडीला जाणार, अशी चर्चा वर्तमानपत्रांतून सुरू झाली. अखेर परवानगी मिळाली आणि संघ कंठीरवातच खेळला. त्यानंतरही तो तेथेच राहिला. २०२३ मध्ये दक्षिण आशियाई देशांची फुटबॉल स्पर्धा याच मैदानावर होऊन ४ जुलै रोजी भारताने कुवेतला हरवून ती जिंकली. वाद मिटला असे मात्र म्हणता येत नाही. तो पुढे ढकलला गेला.

अशा प्रसंगी करदात्याचा पैसा कोठे कोठे खर्च होतो, हे नीट पाहणे जरूर आहे. लोक सामान्यतः फक्त बांधकामाचा आकडा पाहतात. परंतु जनता तीन नाण्यांनी किंमत मोजते. पहिले नाणे रोकड पैशाचे, ते अंदाजपत्रकात दिसते. दुसरे जमिनीचे. सरकारी जमीन सरकारी कामाला दिली की तिचा भाव कोणी लिहीत नाही, जणू ती फुकट होती. संपंगीच्या मळेवाल्यांच्या विहिरी मात्र फुकट नव्हत्या. तिसरे नाणे वेळेचे, आणि ते सर्वांत अदृश्य. धावण्याच्या सरावासाठी आलेली सोळा वर्षांची मुलगी दारावरून परत जाते तेव्हा कोणत्याही वहीत खर्च पडत नाही. पण तिचा तो हंगाम परत येत नाही. भाड्याची रक्कम योग्य आहे की अयोग्य, हे या तीनही नाण्यांचा हिशेब मांडल्यावाचून ठरविता येणार नाही.

बंगळूरचा हा प्रश्न एकट्या बंगळूरचा नाही. मार्च २०१८ मध्ये कोचीला असाच प्रसंग उद्भवला. तेथील क्रीडांगण नगरविकास प्राधिकरणाच्या मालकीचे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील जागतिक फुटबॉल स्पर्धेसाठी तेथे मोठ्या खर्चाने उत्तम मैदान तयार केले होते, आणि त्याच्या मध्यभागी क्रिकेटची खेळपट्टी उकरण्याचा बेत झाला. फुटबॉलपटूंनी आवाज उठवला. त्या वेळी केरळच्या फुटबॉल संघाचे एक मालक असलेले सचिन तेंडुलकर यांनीही मैदानाबद्दल जाहीरपणे चिंता दाखवली. अखेर तो सामना तिरुवनंतपुरमला हलवला गेला. तेथे फुटबॉल हा गाऱ्हाणे सांगणारा होता, बंगळूरला गाऱ्हाणे फुटबॉलविरुद्ध होते. खेळांची नावे बदलतात. भरल्या तिजोरीचा आणि मोठ्या गर्दीचा खेळ लहान खेळाला बाजूस सारतो, ही रीत बदलत नाही.

श्रीमंत देशही या अडचणीतून सुटलेले नाहीत. लंडनने २०१२ च्या ऑलिंपिकसाठी सार्वजनिक पैशाने क्रीडांगण बांधले आणि पुढे ते वेस्ट हॅम या व्यावसायिक फुटबॉल क्लबला ९९ वर्षांच्या कराराने वापरावयास दिले. धावमार्ग राखावयाचा आणि फुटबॉलही खेळवावयाचा, म्हणून मागेपुढे सरकणारी आसने बसवावी लागली. या बदलांचा खर्च ३२.३ कोटी पौंडांवर गेला. त्यात क्लबचा वाटा दीड कोटींचा, आणि त्याचे वार्षिक भाडे सुरुवातीस सुमारे २५ लाख पौंड. आसने सरकविण्यासाठीच दरवर्षी लक्षावधी पौंड लागू लागले. २०१७ मध्ये या व्यवहाराच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा करदात्याचे नुकसान झाल्याचे स्पष्ट झाले. परंतु करार होऊन गेलेला होता. म्यूनिक शहराची रीत निराळी. तेथे नव्या फुटबॉल क्रीडांगणाचा प्रश्न निघाला तेव्हा ऑक्टोबर २००१ मध्ये नागरिकांचे मतदान घेण्यात आले. वास्तूचा खर्च क्लबांनी करावयाचा, आणि रस्ते, भुयारी रेल्वेचे स्थानक इत्यादी सोयी सरकारने करावयाच्या, असा मामला होता. सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी होकार दिला आणि २००५ मध्ये क्रीडांगण उघडले. तेथेही जनतेचा पैसा खर्च झालाच. फरक इतकाच की तो देण्यापूर्वी जनतेला विचारले गेले.

क्रीडांगणामुळे शहराची भरभराट होते, रोजगार वाढतो, हा युक्तिवाद सर्वत्र केला जातो. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात त्याची तपासणी झाली, आणि स्थानिक भरभराटीचा पुरावा हाती लागला नाही. कारण साधे आहे. नागरिक सामन्यावर जो पैसा खर्च करतो, तो एरवी त्याने त्याच शहरात नाटक-सिनेमावर किंवा उपाहारगृहात खर्च केलाच असता. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. नवा जन्मत नाही. परंतु हा निष्कर्ष मान्य केला म्हणून क्रीडांगणावर खर्च करूच नये असे ठरत नाही. वाचनालयाने तरी शहराचे उत्पन्न कोठे वाढते? बाग काय नफा देते? काही गोष्टी समाज नफ्यासाठी करीत नाही, शोभेसाठी आणि सुखासाठी करतो. मात्र मग त्या नफ्याच्या नावाने खपवू नयेत. आनंदासाठी खर्च करतो असे सांगावे, म्हणजे तो आनंद कोणाकोणाला मिळतो हे विचारता येते.

येथे काडु मल्लेश्वराच्या त्या शिलालेखाची आठवण होते. व्यंकोजीराजांनी एका गावाचे उत्पन्न देवस्थानास दिले. ते योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. पण कोणी दिले, काय दिले आणि कोणाला दिले, हे त्यांनी दगडावर कोरवून लोकांसमोर उभे केले. येणाऱ्याजाणाऱ्याने ते वाचावे आणि पुढच्या राज्यकर्त्यानेही ते जाणावे, हा त्यातला हेतू. राजेशाहीत जे उघड्यावर लिहिले जात होते, ते लोकशाहीत कपाटात बंद असावे, हे शोभत नाही. क्रीडांगण वापरण्याचा करार किती वर्षांचा, भाडे किती, किती दिवस कोणत्या खेळाचे, हानी झाल्यास भरपाई कोणी करावयाची आणि सराव करणाऱ्या मुलांसाठी कोणत्या वेळा अबाधित राहतील, एवढ्या पाच गोष्टी जर क्रीडांगणाच्या दारावर ठळक अक्षरांत लावल्या असत्या, तर कंठीरवाच्या प्रकरणातील पुष्कळशी कटुता टळली असती. वेळापत्रक आधी माहीत असेल तर भांडणाची धार बोथट होते. न्यायालयाने हे काम करावे लागते, तेव्हा ते क्रीडाखात्याचे अपयश असते. खेळाडूंचेही नव्हे आणि क्लबचेही नव्हे.

हा प्रश्न पुन्हा येणारच आहे. २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने शहराच्या दक्षिणेस बोम्मसंद्रजवळ ८० हजार प्रेक्षकांचे क्रीडासंकुल उभारण्याची योजना पुढे आणली. उद्या ती जागा कोणाची होती, तेथील पाणी कोठून कोठे वाहत होते, पहाटे तेथे कोण धावणार आणि सायंकाळी कोण खेळणार, हे प्रश्न निघतील. ते पायाभरणीपूर्वी निघाले तर त्यांना चर्चा म्हणतात. नंतर निघाले तर त्यांचे खटले होतात.

कंठीरव क्रीडांगणाच्या कडेला संपंगीचा एक लहानसा तुकडा अजून शिल्लक आहे. करगाच्या विधींसाठी तो राखलेला आहे आणि दर चैत्रात तिगळ समाज तेथे येतो. एवढ्या विस्तीर्ण तळ्यापैकी एवढेच का उरले, याचे उत्तर त्या पाण्याकाठी मिळत नाही. ते जुन्या अर्जांत आहे. पोलोवाल्यांचे अर्ज आणि मळेवाल्यांचे अर्ज एकाच टेबलावर आले होते. त्या दोघांना समोरासमोर बसवून, पाणी किती महिने आणि मैदान किती महिने, असे विचारणारा कोणी भेटला असता, तर कदाचित दोन्ही टिकली असती. आज त्याच जागेवर धावणारी मुले आहेत आणि फुटबॉल खेळणारी मुले आहेत. त्यांच्यापैकी कोणाचीही मागणी अन्यायाची नाही. म्हणूनच त्यांच्यात निवाडा करणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे.